आकाशाला खोली कशी आली?

अंगठा डोळ्यांसमोर धरून आळीपाळीने एकेक डोळा मिटला, की तो मागच्या भिंतीपुढे सरकल्यासारखा दिसतो. या सरकण्याला लंबन म्हणतात. वस्तू जितकी दूर, तितके लंबन कमी. आज आभासी वास्तवाचा चष्मा लावून आपण सूर्याच्या शेजारच्या ताऱ्यांमधून फिरू शकतो, ते याच युक्तीच्या जोरावर.

पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल, तर सहा महिन्यांच्या अंतराने पाहिल्यावर जवळचे तारेही असेच सरकलेले दिसायला हवेत. सोळाव्या शतकात टायको ब्राहे याने अतिशय काटेकोर वेध घेतले. पण तारे काही सरकेनात. तारे कल्पनेपलीकडे दूर असतील हे त्याला पटेना, म्हणून त्याने पृथ्वीच स्थिर मानली.

हा पेच सुटायला १८३८ साल उजाडावे लागले. क्योनिग्सबर्गच्या फ्रीडरिश बेसेल याने ठळक तारा न निवडता हंस तारकासमूहातील ६१ क्रमांकाचा मंद तारा निवडला. तो दरवर्षी सुमारे ५ विकला जागा बदलतो. तेव्हा तो जवळ असणार, असा त्याचा तर्क. बेसेलला लंबन मिळाले ०.३१ विकला, आजचे मूल्य ०.२८६. अडीच सेंटिमीटरचे नाणे १८ किलोमीटरवरून जेवढे दिसेल, तेवढाच हा कोन! त्यावरून ताऱ्याचे अंतर येते ११.४ प्रकाशवर्षे.

पुढे हेच काम उपग्रहांनी केले. १९८९ ते १९९३ या काळात वेध घेणाऱ्या हिप्पार्कसची १,१८,२१८ ताऱ्यांची यादी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. २०१३ मध्ये सोडलेल्या गाया यानाच्या वेधांवरून २०२१ मध्ये ३२६ प्रकाशवर्षांच्या आतील सुमारे ३ लाख ३१ हजार ताऱ्यांची यादी तयार झाली. हायडेलबर्ग विद्यापीठातील ‘गाया स्काय’ ही संगणक प्रणाली हीच अंतरे वापरून दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रे दाखवते. म्हणजे बेसेलचीच युक्ती, उलट दिशेने!

या नकाशात शिरल्यावर कळते, की ठळक तारा म्हणजे जवळचा तारा नव्हे. व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर आहे खरा. पण सर्वांत जवळचा प्रॉक्झिमा ४.२ प्रकाशवर्षांवर असूनही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

चष्मा नसला तरी वर्गात हा नकाशा करता येईल. १ प्रकाशवर्ष म्हणजे १० सेंटिमीटर धरून दोऱ्यांना मणी टांगू या. सूर्यापासून प्रॉक्झिमा ४२ सेंटिमीटरवर, व्याध ८६ वर आणि बेसेलचा तारा ११४ वर. मग विद्यार्थ्यांना विचारू या, की या नकाशात पृथ्वीची कक्षा केवढी? तिचा व्यास भरतो सुमारे ३ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या जेमतेम विसाव्या हिश्श्याएवढा. एवढ्याशा पायावर त्रिकोण उभा करून बेसेलने ११४ सेंटिमीटर मोजले होते.