काचेतला तांबडा समुद्र

"यंदा इतिहासावर काहीतरी लिहा," असे स्मरणिकेच्या संपादकांनी सांगितले, तेव्हा मी शिवकालावर किंवा पेशवाईवर लिहीन अशी त्यांची अपेक्षा असावी. त्यांची क्षमा मागून मी शेवाळाचा इतिहास लिहायला बसलो आहे. हसू नका! आम्ही जेद्दावासी ज्या समुद्राच्या काठी राहतो, त्याच्या नावाशीच शेवाळाचा संबंध जोडला जातो. शिवाय हा इतिहास मी हौसेने वाचलेला नाही, एका अपराधापायी वाचला आहे.

२०१७ च्या जुलैपासून इथे परदेशी कुटुंबीयांवर दरमहा माणशी शुल्क लागू झाले. पहिल्या वर्षी शंभर रियाल, मग दर वर्षी शंभराची वाढ. त्या दोन-तीन वर्षांत आपल्यापैकी किती कुटुंबे परत गेली, हे वाचकांना मी सांगायला नको. आमच्या समोरच्या फ्लॅटमधले मराठी कुटुंबही २०१८ च्या उन्हाळ्यात निघाले. फ्रिज, सोफा, गाडी सगळे विकले गेले. राहिली ती तीनशे लिटरची खाऱ्या पाण्याची काचेची टाकी. तिच्यात खडक, थोडी प्रवाळे आणि दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या विदूषक माशांची एक जोडी होती. त्यांची नऊ वर्षांची लेक रडत म्हणाली, "काका, दर महिन्याला दोघांचा फोटो पाठवाल ना?" मी मोठ्या तोऱ्यात शब्द दिला.

दोन महिन्यांत खडकांवर हिरवे केस उगवले. आधी बोटभर, मग वीतभर. आमचे चिरंजीव तेव्हा आठवीत होते. त्यांनी टूथब्रश घेतला. घासून काढले की चौथ्या दिवशी दुप्पट. आम्ही तीन दिवस दिवे बंद ठेवले, टाकीवर चादर टाकली. शेवाळ फिके पडले आणि दिवे लागताच पुन्हा तरारले. त्यावर तांबूस, बुळबुळीत साय धरली ती वेगळीच. सौ. म्हणाली, "अहो, बाथरूमच्या टाइल्सवरचं परवडलं, ते निदान ब्लीचने जातं!" शेवटी मी एका दुकानातून शेवाळ मारण्याचे औषध आणले आणि बाटलीवर लिहिल्यापेक्षा थोडे जास्तच ओतले. शेवाळ मेले, पण मेलेले शेवाळ टाकीतच कुजले, पाण्यातला प्राणवायू संपला आणि सकाळी जोडीतला एक मासा तळाशी पडलेला दिसला.

खरे सांगतो, पुढचे दोन महिने मी त्या मुलीला जुने फोटो पाठवले. तिसऱ्या महिन्यात चिरंजीव म्हणाले, "बाबा, हे बरोबर नाही." फोन त्यानेच लावला. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "कशामुळे झालं ते कळलं का?" मला कळले नव्हते. तिथून माझे वाचन सुरू झाले.

पहिली गाठ पडली ती पेटर फोर्स्कोल या माणसाशी. डेन्मार्कच्या राजाने पाठवलेली सहा जणांची मोहीम १७६१ च्या जानेवारीत कोपनहेगनहून निघाली आणि १७६२ च्या ऑक्टोबरअखेरीस आपल्या जेद्दाच्या बंदरात उतरली. फोर्स्कोल हा लिनिअसचा शिष्य. मासे सोलून, त्यांची कातडी झाडाच्या पानासारखी कागदावर दाबून तो ठेवी. ती कातडी आजही कोपनहेगनच्या संग्रहालयात आहेत. पुढच्या वर्षी येमेनमध्ये हिवतापाने तो गेला, तेव्हा वय होते अवघे एकतीस. सहांपैकी एकटा कार्स्टन नीबुर जिवंत परतला. तोही वाटेत १७६३ च्या सप्टेंबरात मुंबईला पोचला, वर्षभराहून अधिक काळ तिथे राहिला आणि घारापुरीची लेणी मोजून त्यांचे नकाशे काढले. मित्राची टिपणे त्याने १७७५ मध्ये छापून काढली. आमच्या टाकीचे पुराण असे जेद्दाहून घारापुरीपर्यंत पोचले!

या फोर्स्कोलने एक सुंदर गोष्ट केली. माशांना नावे देताना स्थानिक कोळ्यांच्या तोंडची अरबी नावेच अनेकदा लॅटिनमध्ये ठेवली. सोहाल, हरीद, सिजान. योगायोग पाहा, हे तिघेही शेवाळावर चरणारे! फरसाण बेटांवर दर वसंतात हरीदचा उत्सव भरतो, तो याच पोपटमाशाचा. सिजान तर आपल्यापैकी अनेकांनी मासळी बाजारात घेतला असेल. प्रवाळाच्या बागेत हे मासे गायीगुरांसारखे दिवसभर चरत असतात, म्हणून ती बाग बाग राहते. आमच्या टाकीत चरणारे कोणीच नव्हते आणि खायला घालणारे मात्र तिघे होते.

दुसरी गाठ एहरेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाशी. १८२३ च्या डिसेंबरात सिनाईच्या किनाऱ्यावर तूर इथे त्याने अख्ख्या खाडीचे पाणी रक्तासारखे लाल झालेले पाहिले. भिंगाखाली दिसले सूक्ष्म धाग्यांचे जुडगे. त्याला त्याने ट्रायकोडेस्मियम एरिथ्रियम हे नाव दिले. 'एरिथ्रियम' म्हणजे तांबड्या समुद्राचे. समुद्राला नाव यामुळेच पडले का, यावर विद्वानांचे एकमत नाही. पण हा जीव आपल्या कोकण-गोव्याच्या समुद्रातही पावसाळ्यापूर्वी फेब्रुवारी ते मे या काळात तरंगताना दिसतो, आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्याचा अभ्यास केलेला आहे. आमच्या टाकीतली ती तांबूस साय याच्याच कुळातली. ही मंडळी खऱ्या अर्थाने शेवाळ नव्हेत, प्रकाशावर जगणारे जिवाणू आहेत. त्यामुळे शेवाळाचा उपाय त्यांना जसाच्या तसा लागू पडत नाही.

चरणारे नाहीसे झाले तर काय होते, याचा मोठा धडा कॅरिबियन समुद्राने दिला. १९८३ मध्ये पनामाजवळ काळे, लांब काट्यांचे समुद्री साळू पटापट मरू लागले. वर्षभरात ती साथ सगळ्या कॅरिबियनभर पसरली आणि दहांपैकी नऊहून अधिक साळू गेले. जमैकात मासे आधीच मारून संपलेले, त्यात चक्रीवादळांचे तडाखे. सत्तरच्या दशकाअखेरीस जिथे निम्म्याहून अधिक तळ जिवंत प्रवाळाने झाकलेला होता, तिथे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो पाच टक्क्यांच्याही खाली आला, आणि शेवाळ चार टक्क्यांवरून नव्वदच्या पुढे गेले. २०२२-२३ मध्ये अकाबाच्या आखातातही साळूंवर तसलेच संकट आले. उलटही घडते. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडल्यावर पुढे आपला सिजान भूमध्य समुद्रात शिरला आणि तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर त्याने खडकच्या खडक खरवडून उघडे केले. अति तेथे माती, ही म्हण पाण्यातही खरी.

पण केवळ चरणारे आणून भागत नाही, खतही थांबवावे लागते. त्याचे उदाहरण आपल्या दारातच आहे. बलदजवळच्या अर्बईन खाजणात अनेक दशके शहराचे सांडपाणी जात राहिले. तिथल्या हिरव्या पाण्याचा वास आपल्यापैकी जुन्या मंडळींना आठवत असेल. सांडपाण्यातले नायट्रेट आणि फॉस्फेट म्हणजे शेवाळाचे खत. आमच्या टाकीत ते येत होते दिवसातून तीनदा घातलेल्या खाद्यातून आणि बाष्पीभवन भरून काढायला ओतलेल्या नळाच्या पाण्यातून. हे पाणी समुद्राचेच गोडे केलेले. जेद्दात ही कला जुनी आहे. उस्मानी काळात, विसाव्या शतकाच्या आरंभी, इथे खारे पाणी उकळून गोडे करणारे यंत्र बसले. 'कंडेन्सर'चे लोकांनी 'किंदासा' केले. पण कारखान्यातून निघालेले शुद्ध पाणी टँकरमधून इमारतीच्या टाकीत आणि तिथून गच्चीवरच्या टाकीत येईपर्यंत काय काय घेऊन येते, ते मोजल्यावर कळले.

मोजण्यातही मी फसलो होतो. टाकीतले फॉस्फेट तपासले की शून्य येई, आणि मी म्हणे, खत नाहीच! खत होते, पण ते शेवाळाने आधीच खाल्लेले असे. भांडे रिकामे दिसते म्हणून घरात कोणी जेवलेच नाही असे कसे म्हणणार?

उपाय सुचवला तो वॉल्टर एडी या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या कामाने. स्मिथसोनियन संस्थेत त्याने जिवंत प्रवाळाची मोठी टाकी उभारली, ती १९८० पासून वॉशिंग्टनच्या संग्रहालयात लोकांना पाहायला मिळाली. त्याची कल्पना अशी की, शेवाळाशी भांडू नका, त्याला वेगळी जागा द्या. जाळीवर पाणी खेळवायचे, तीवर प्रखर दिवा लावायचा, शेवाळ तिथे वाढू द्यायचे आणि आठवड्याला खरवडून फेकायचे. शेवाळाबरोबर खतही बाहेर जाते.

सौ.च्या भरतकामाच्या डब्यातली प्लास्टिकची जाळी कामाला आली. खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच. पाणी गाळणीयंत्रातून शुद्ध केलेले. दर शुक्रवारी दहावा हिस्सा पाणी बदलायचे. बारा गोगलगायी आणि शंखातले काही खेकडे आणले. चिरंजीवांना सोहाल हवा होता, पण तो हातभर वाढतो आणि भांडकुदळ असतो, म्हणून नाही म्हटले. तळाशी साचलेली घाण नळीने ओढून काढली आणि पंप फिरवून प्रवाह वाढवला, तेव्हा ती तांबूस साय हटली. हिरव्या केसांनी मात्र दाद दिली नाही. पहिला महिना काहीच फरक नाही. दुसऱ्या महिन्यात जाळी हिरवी झाली. तिसऱ्यात खडकांवरचे केस आखडले. चौथ्या महिन्याच्या शेवटी गुलाबी, दगडासारखा थर खडकावर पसरू लागला, आणि आम्ही घरात शिरा केला.

चिरंजीवांनी हे सगळे तारखेनिशी वहीत लिहिले आणि वहीचे फोटो त्या मुलीला पाठवले. "कशामुळे झालं?" याचे ते उत्तर होते. मी तिची माफीही मागितली.

२०२३ मध्ये आमचे चिरंजीव बारावी होऊन पुण्याला गेले. घर सुने झाले. टाकीपुढे आता मीच बसतो. उरलेला मासा अजून आहे, आणि फोटो दर महिन्याला जातो, त्या दिवशीचाच. ती मुलगी आता कॉलेजच्या उंबरठ्यावर आहे. मागच्या खेपेस तिचे उत्तर आले, "काका, उजव्या कोपऱ्यात थोडं हिरवं दिसतंय." मी लिहिले, "तेवढं गोगलगायींसाठी ठेवलंय."

आम्हीही एक दिवस इथून निघू. तेव्हा टाकी कोणाला हवी असेल तर जरूर सांगा. वहीही बरोबर देईन. आणि तोवर पाहायला या, चहा घेऊ. मुलांना आणलेत तर अधिक आनंद होईल.