घरी बनवलेली गो-कार्ट : साहित्य, बांधणी, बदल आणि कायदा, सगळी माहिती एका ठिकाणी

तालुक्याच्या गावात आज वेल्डिंगचं दुकान आहे, लेथ आहे, भंगारात दुचाकीचं इंजिन मिळतं. त्यामुळे आयटीआयची पोरं, गॅरेजवाले, शेती अवजारं बनवणारे कारागीर हौसेनं गो-कार्ट बनवायला घेतात. इंजिन बसवून गाडी हलवणं फारसं अवघड नाही. ती वेळेवर थांबवणं, नीट वळवणं आणि योग्य जागीच चालवणं हे खरं काम आहे. म्हणून बांधणीचा क्रम असा ठेवावा : आधी फ्रेम, मग स्टीअरिंग आणि ब्रेक, इंजिन सगळ्यात शेवटी.

गो-कार्ट म्हणजे नेमकं काय?

गो-कार्ट ही चार चाकांची, उघडी, जमिनीलगत चालणारी छोटी गाडी. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेल इथं १९५६ मध्ये आर्ट इंगल्स यांनी पहिली कार्ट बनवली, असं मानलं जातं. ते रेसिंग गाड्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होते. कार्टला त्यांनी गवत कापायच्या यंत्राचं इंजिन लावलं होतं.

या गाडीत दोन गोष्टी नसतात : सस्पेन्शन आणि डिफरन्शियल. त्यामुळे ती सपाट डांबरी किंवा सिमेंटच्या जागेसाठीच असते. फ्रेम जमिनीपासून जेमतेम चार-पाच सेंटिमीटर वर राहते. रानातल्या वाटेनं, बांधावरून गाडी न्यायची असेल तर मोठी चाकं आणि शॉकअप असलेली बग्गी लागते. तिची बांधणी वेगळी.

फ्रेम

सर्वसाधारणपणे १ ते सव्वा इंच व्यासाचा आणि २ मिलिमीटर जाडीचा गोल ईआरडब्ल्यू पाईप वापरतात. खिडकीच्या ग्रिलचा पातळ चौकोनी पाईप नको, तो वेल्डिंगच्या कडेला चिरतो. रेसिंग कार्टच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर साधारण १०४-१०५ सेंटिमीटर असतं. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर निदान याच्या दोन तृतीयांश ठेवावं, म्हणजे वळताना गाडी कलंडत नाही.

पाईप कापण्याआधी फरशीवर खडूनं पूर्ण मापाचं चित्र काढा. चालवणाऱ्याला त्यावर बसवून पेडल आणि स्टीअरिंगची जागा ठरवा. आधी नुसते टाके मारा, दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे भरले तरच पूर्ण वेल्डिंग करा.

मजबुतीसाठी अनेक जण फ्रेममध्ये जागोजागी अँगल भरतात. इथंच घोटाळा होतो. डिफरन्शियल नसल्यामुळे मागची दोन्ही चाकं सारख्याच वेगानं फिरतात, पण वळणावर आतल्या चाकाला कमी अंतर कापायचं असतं. म्हणून वळताना आतलं मागचं चाक किंचित उचललं जावं लागतं, आणि त्यासाठी फ्रेमला थोडी लवचिकता लागते. फ्रेम फार ताठ झाली की गाडी वळत नाही, सरळच घसरत जाते.

मागचा एक्सल आणि ब्रेक

एक्सल सलग असतो. पिठाच्या गिरणीला, मळणी यंत्राला लागणारी पेडेस्टल बेअरिंग इथंही चालतात : २५ मिलिमीटर एक्सलला यूसीपी २०५, ३० मिलिमीटरला यूसीपी २०६. एक्सलचा बार सरळ आहे का हे लेथवर फिरवून बघा. हब आणि स्प्रॉकेट एक्सलला थेट वेल्ड न करता चावी आणि बोल्टनं बसवा, म्हणजे पुढं बदलता येतील.

ब्रेकची डिस्क मागच्या एक्सलवरच हवी. दुचाकीची डिस्क, कॅलिपर आणि मास्टर सिलिंडर चालतात. ब्रेक इंजिनाच्या बाजूला, म्हणजे चेनच्या पलीकडे ठेवला आणि चालताना चेन तुटली, तर ब्रेक आणि चाक यांचा संबंधच तुटतो. पेडल जोरात दाबल्यावर मागची दोन्ही चाकं जाम झाली पाहिजेत. ही चाचणी इंजिन बसवण्याआधी, गाडीत माणूस बसवून आणि हातानं ढकलत घ्यायची. ब्रेक लागत नसेल तर पुढचं काम थांबवा.

स्टीअरिंग

वळताना आतल्या चाकाचं वर्तुळ लहान असतं, म्हणून ते बाहेरच्या चाकापेक्षा जास्त वळलं पाहिजे. त्यासाठी सोपी युक्ती आहे. दोन्ही किंगपिनपासून मागच्या एक्सलच्या मध्यापर्यंत दोरी ताणा. स्टीअरिंग आर्मला जिथं टाय रॉड जोडायचा, ते भोक या दोरीच्या रेषेवर आलं पाहिजे. किंगपिनचं वरचं टोक थोडं मागं झुकलेलं ठेवा. त्यामुळे स्टीअरिंग आपोआप सरळ येतं आणि वळताना आतलं मागचं चाक उचलायला मदत होते.

स्टीअरिंगच्या प्रत्येक बोल्टला नायलॉक नट किंवा कॉटर पिन हवीच. साधा नट हादऱ्यानं सुटतो.

इंजिन आणि दात्यांचं गणित

पाण्याच्या पंपाला किंवा जनरेटरला असतं तसं १६० सीसीचं आडव्या शाफ्टचं पेट्रोल इंजिन नवशिक्याला सोपं. त्याला गिअर नसतात, म्हणून सेंट्रिफ्युगल क्लच लावावाच लागतो. दुसरा पर्याय १०० सीसी मोटारसायकलचं इंजिन. त्यात क्लच, गिअर आणि चेन आयतीच मिळते. स्कूटरचं इंजिन मागच्या चाकाशी एकाच बाजूनं जोडलेलं असल्यानं सलग एक्सलला बसवणं किचकट जातं.

वेग ठरतो स्प्रॉकेटचे दाते आणि चाकाचा घेर यांवरून. पंपाचं इंजिन मिनिटाला ३६०० फेरे करतं. पुढं १२ आणि मागं ६० दाते असतील तर एक्सल ७२० फेरे घेतो. ११ इंची कार्ट टायरचा घेर सुमारे ८८ सेंटिमीटर, म्हणजे वेग ताशी ३८ किलोमीटर. मागं ७२ दाते लावले तर वेग ३२ वर येतो आणि ओढ वाढते.

कार्टचे टायर गावाकडे सहज मिळत नाहीत, म्हणून स्कूटरची १० इंची रिम वापरतात. टायरसकट ते चाक सुमारे १७ इंच भरतं. दाते तेच ठेवले तर कागदावर वेग ३८ वरून थेट ५९ वर जातो, ब्रेक मात्र तेवढाच राहतो. म्हणून चाक बदललं की स्प्रॉकेटही बदलायचं. शिवाय दुचाकीचा टायर गोलसर असतो. कार्ट वळताना झुकत नाही, त्यामुळे त्याची पकड कमी पडते.

कोणते बदल करावेत, कोणते टाळावेत

बसण्याची जागा पुढं-मागं करणं, टायरची हवा कमी-जास्त करणं, स्प्रॉकेट बदलणं हे बदल स्वस्त आणि परत फिरवता येण्यासारखे आहेत. एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहून ठेवा.

पंपाच्या इंजिनाचा गव्हर्नर काढायचा मोह अनेकांना होतो. या इंजिनाचा कनेक्टिंग रॉड आणि फ्लायव्हील जास्त फेऱ्यांसाठी बनवलेलेच नसतात. फ्लायव्हील फुटलं तर त्याचे तुकडे चालवणाऱ्याच्या पाठीमागून येतात. हा बदल करू नका.

चालवण्याआधी

- चेन, स्प्रॉकेट आणि फिरत्या एक्सलवर पत्र्याचं झाकण हवंच. पिंजोरला फेब्रुवारी २०१८ मध्ये आणि हैदराबादजवळ ऑक्टोबर २०२० मध्ये कार्टमध्ये केस अडकून तरुणींचा जीव गेला, आणि तेही पैसे घेऊन चालवायला देणाऱ्या ठिकाणी. केस बांधून आत घ्या. ओढणी, मफलर, सैल कपडे नकोत.
- पट्टा नीट आवळलेलं, आयएसआय शिक्क्याचं पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट, हातमोजे आणि बूट घाला.
- अॅक्सिलरेटरला परत येणाऱ्या दोन स्प्रिंग लावा. इंजिन बंद करायचं बटण हाताशी ठेवा.
- पेट्रोलची टाकी लहान आणि सायलेन्सरपासून लांब बसवा.
- वर पिंजरा नसेल तर सीट बेल्ट लावू नका, गाडी उलटल्यास माणूस खाली अडकतो. पिंजरा केला तर बेल्ट हवाच.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. घरी बनवलेल्या कार्टची नोंदणी होत नाही, विमाही मिळत नाही. म्हणजे गावातला डांबरी रस्ता, वाडीचा रस्ता, यात्रेचं पटांगण सगळं बाद. कुणाला इजा झाली तर भरपाई स्वतःच्या खिशातून. जागा कुंपणाची आणि मालकाच्या परवानगीची हवी.

अल्पवयीन मुलानं रस्त्यावर वाहन चालवून गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम १९९अ लागतं. त्यात पालक किंवा वाहनमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोरगं हुशार आहे म्हणून चावी देणाऱ्या आई-वडिलांनी हे लक्षात ठेवावं.

जुन्या गाडीचं इंजिन घेताना आरसी बुक बघा, इंजिन नंबर जुळवा आणि विकणाऱ्याकडून लेखी घ्या. स्वतःचीच गाडी मोडली असेल तर कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून किकनं सुरू होणारी छोटी जीप बनवली, ते उदाहरण आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी त्यांचं कौतुक केलं, पण ही गाडी नियमात बसत नसल्यानं आज ना उद्या ती थांबवली जाईल, हेही त्याच वेळी सांगितलं. पुढच्याच महिन्यात लोहार यांना त्या गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो मिळाली. प्रत्येकाला अशी बोलेरो मिळत नाही, रस्त्याचा नियम मात्र सगळ्यांना सारखाच लागू आहे.

सुरुवात कुठून करावी?

आधी तयार कार्ट एकदा चालवून बघा. कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक आहे. तिथल्या गाडीचं स्टीअरिंग, डिस्कची जागा आणि चेनवरचं झाकण नीट निरखा. मग घरी येऊन खडू घ्या. पहिली गाडी ताशी ३० किलोमीटरच्या आत ठेवा. ती दहा वेळा धावली, दहाही वेळा ठरलेल्या जागी थांबली आणि एकही नट सुटला नाही, की मगच पुढचं स्प्रॉकेट बदलायचा विचार करा.