देवळीचा हंगाम आणि पोटगीचा महिना

वर्ध्याहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे देवळी हे कापसाच्या पट्ट्यातले जुने बाजाराचे गाव असून, तिथल्या मुलांच्या पोटगीचा इतिहास समजून घ्यायचा तर कापसापासूनच सुरुवात करावी लागते. पोटगी, म्हणजे स्वतःचे पोट भरू न शकणाऱ्या मुलासाठी किंवा पत्नीसाठी कायद्याने ठरवून दिलेली रक्कम, कायद्यात सुरुवातीपासून महिन्याच्या हिशेबाने मोजली गेली. देवळीच्या शेतकऱ्याच्या हाती पैसा मात्र वेचणी झाल्यावर, वर्षातून एकदा किंवा दोनदा येत राहिला. बापाने किती द्यावे, कधीपर्यंत द्यावे, त्याच्या नावावर काही नसेल तर काय, हे जे प्रश्न या भागातील आईबाप आजही वकिलासमोर मांडतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ महिना आणि हंगाम यांच्या या विसंगतीत सापडते.

कायदा येण्यापूर्वीही मुलांची जबाबदारी बेवारस नव्हती. धर्मशास्त्राच्या मिताक्षरा परंपरेत अल्पवयीन मुलाचे पालन हे पित्याचे वैयक्तिक कर्तव्य मानले गेले होते, मग त्याच्याजवळ वडिलोपार्जित मालमत्ता असो वा नसो. एकत्र कुटुंबात हे कर्तव्य अन्नवस्त्राच्या रूपाने, म्हणजे घरातल्या धान्यातून आणि कापडातून, पार पडत असे. विदर्भातील कुणबी आणि इतर शेतकरी जातींत फारकत आणि विधवेचा पाट, म्हणजे साध्या विधीने होणारा पुनर्विवाह, या दोन्ही चाली रूढ होत्या, आणि रसेल व हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतांतील जातीजमातींविषयीच्या ग्रंथात त्यांची नोंद आहे. अशा वेळी मुले कोणाकडे राहणार हे जातीच्या पंचांसमोर ठरे. पंचांचा निर्णय ज्या घराला मान्य असे त्या घरातील मुलाला भाकर मिळे. ज्या बापाने गावच सोडले, त्याच्यापर्यंत मात्र पंचांचा हात पोहोचत नसे.

नेमक्या या गाव सोडलेल्या बापाला गाठण्याची सोय १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने केली. तिच्या ३१६ व्या कलमाने, ऐपत असूनही पत्नीची किंवा मुलाची हेळसांड करणाऱ्या पुरुषाला दरमहा ५० रुपयांपर्यंत रक्कम देण्याचा हुकूम करण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्याला मिळाला. वर्धा जिल्हा नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढला गेला तो १८६२ मध्ये. म्हणजे जिल्हा आणि हा कायदा जवळजवळ एका वयाचे आहेत. कौटुंबिक जबाबदारीचा हा नियम दिवाणी कायद्यात न घालता फौजदारी संहितेत घातला गेला, याचे कारण राज्यकर्त्यांच्या दृष्टीने मुद्दा मुलाच्या हक्काचा नसून निराधारांनी रस्त्यावर येऊ नये, भटकेगिरी वाढू नये, हा होता. हेतू इतका कोता असूनही त्यातून एक उदार गोष्ट साधली गेली, ती अशी की औरस आणि अनौरस, म्हणजे विवाहातून आणि विवाहाबाहेर जन्मलेल्या, मुलांत या कलमाने भेद केला नाही आणि धर्म वा जातही विचारली नाही. वारसाहक्काच्या बाबतीत ज्या मुलाला कायदा दारात उभे करीत नव्हता, त्याला भाकरीच्या बाबतीत त्याने नाकारले नाही, आणि हे या कायद्याचे सर्वांत मोठे श्रेय मानले पाहिजे.

१८९८ च्या संहितेत हेच कलम ४८८ क्रमांकाने आले. ५० रुपयांची कमाल मर्यादा १९२३ मध्ये १०० आणि १९५५ मध्ये ५०० झाली. १९७३ च्या नव्या संहितेच्या १२५ व्या कलमात ती ५०० च राहिली, महाराष्ट्राने १९९९ मध्ये ती दीड हजारांवर नेली आणि २००१ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती पूर्णपणे काढून टाकली. महागाई कितीही वाढली तरी एका मुलासाठी महिन्याला ५०० रुपयांच्या वर न जाणारा कायदा पंचेचाळीस वर्षांच्या आसपास टिकून राहिला, ही गोष्ट विधिमंडळांच्या अनास्थेची साक्ष देते.

रकमेच्या या मर्यादेइतकीच जाचक, पण फार कमी चर्चिली गेलेली अडचण अधिकारक्षेत्राची होती. ४८८ व्या कलमाखालचा अर्ज पती जिथे राहतो किंवा जिथे पतिपत्नी शेवटी एकत्र राहिले, तिथेच करावा लागे. सासर अमरावतीकडचे आणि माहेर देवळीचे असलेली स्त्री मूल कडेवर घेऊन माहेरी परतली, तर तिला देवळीतून वर्ध्याच्या कचेरीत जाऊन भागत नसे. प्रत्येक तारखेला नवऱ्याच्या जिल्ह्यात जाणे, तिथे उतरण्याची सोय पाहणे आणि रोजची मजुरी बुडवणे तिच्या नशिबी येई. १ एप्रिल १९७४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेच्या १२६ व्या कलमाने पत्नी राहत असेल त्या ठिकाणीही अर्ज करण्याची मुभा दिली, आणि माहेरवाशिणीच्या दृष्टीने पोटगीचा कायदा खऱ्या अर्थाने त्या दिवशी गावात आला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत या तरतुदी १४४ आणि १४५ या कलमांत पुढे चालू आहेत. स्त्रिया आणि मुले यांना मिळकतीची अट न लावता मोफत वकील देण्याची सोय विधी सेवा प्राधिकरण अधिनियमात आहे, आणि त्यासाठी तालुका पातळीवर समित्या असतात.

बापाचे देणे कधी संपते, या प्रश्नाचे उत्तर एकाच कायद्यात नाही. फौजदारी तरतुदीखाली ते साधारणपणे मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत असते, मात्र शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या अपत्याला वयाची ही अट लागू नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाच्या २० व्या कलमाने मात्र अविवाहित मुलीला, ती स्वतःचा खर्च भागवू शकत नसेल तर, अठरानंतरही हक्क दिला आहे, आणि हा फरक सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केला. त्याच अधिनियमाने मुलाचे पालन हे बापाबरोबर आईचेही कर्तव्य ठरवले असल्यामुळे कमावत्या आईनेही आपल्या प्रमाणात भार उचलावा असा कायद्याचा रोख आहे. मुस्लिम मुलांचा फौजदारी तरतुदीखालील हक्क, आईला घटस्फोट मिळाल्यानंतरही अबाधित राहतो, असा निर्णय १९९७ मध्ये झाला. मूल आपले नाही असे म्हणणाऱ्या बापापुढे, २०२४ पर्यंत १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या ११२ व्या कलमात असलेले गृहीतक उभे राहते, कारण विवाह टिकून असताना जन्मलेले मूल औरस मानावे असे ते सांगते. विदर्भातूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका प्रकरणात २०१४ मध्ये डीएनए चाचणीचा निष्कर्ष या गृहीतकापेक्षा वरचढ मानला गेला, तरी अशी चाचणी सरसकट मागता येत नाही, हेही त्या न्यायालयाने २०२३ मध्ये बजावले. मुलाला भेटू दिले जात नाही म्हणून पोटगी रोखून धरणाऱ्या बापाचे म्हणणे मात्र न्यायालये मान्य करीत नाहीत, कारण देणे मुलाचे असते, आईचे नव्हे.

तरीही देवळीसारख्या ठिकाणी सगळे अडते ते बापाची कमाई किती, या प्रश्नावर. सालदाराची, म्हणजे पाडव्याला किंवा अक्षय तृतीयेला वर्षभरासाठी ठरलेल्या शेतगड्याची, मजुरी धान्य आणि रोख अशी मिळून ठरे. कापूसवाल्याला १९७२ मध्ये सुरू झालेल्या एकाधिकार खरेदी योजनेत चुकारा, म्हणजे विकलेल्या कापसाची रक्कम, हप्त्याहप्त्याने मिळे. पगाराची पावती कोणाकडेच नाही, सातबारा बापाच्या वडिलांच्या नावावर, शेत मक्त्याने दिलेले, आणि कर्ज मात्र बापाच्या स्वतःच्या नावावर, अशा स्थितीत न्यायदंडाधिकाऱ्याला आकडा अंदाजानेच काढावा लागे. धडधाकट माणसाने आपल्याजवळ काही नाही एवढे म्हणून सुटता येणार नाही, हे तत्त्व न्यायालयांनी पूर्वीच घालून दिले होते. पण तत्त्वातून रुपये निघत नाहीत.

या कोंडीवरचा उपाय विदर्भातूनच सुरू झालेल्या एका वादातून निघाला. नागपूरच्या कुटुंब न्यायालयाने २०१३ मध्ये एका आईला दरमहा १५,००० आणि तिच्या मुलाला ५,००० रुपये, पुढे मुलाचे १०,०००, अशी पोटगी ठरवली होती. ते प्रकरण नागपूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि ४ नोव्हेंबर २०२० च्या निर्णयाने देशभरासाठी नियम घालून दिले. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, आणि दोन्ही पक्षांनी मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र भरावे, हे त्यांतले मुख्य. या प्रतिज्ञापत्राचा एक स्वतंत्र नमुना शेतकऱ्यांसाठी आहे, ही बाब देवळीच्या दृष्टीने सर्वांत मोलाची होय. जमीन किती, मालकी दाखवणारा फेरफार कुठे, जमीन कोरडवाहू की ओलिताची, वर्षात कोणती पिके घेतली, गेल्या तीन वर्षांचे उत्पन्न किती, दुसऱ्याची जमीन मक्त्याने किंवा बटईने केली आहे काय, गाईम्हशी, शेळ्या, कोंबड्या किती, कर्ज किती, असे प्रश्न त्यात विचारले आहेत. तीन वर्षांचे उत्पन्न एकत्र पाहिले की बोंडअळीने बुडालेले वर्ष आणि भाव चढलेले वर्ष यांची सरासरी निघते, आणि हंगामाचा पैसा महिन्यांत वाटून मोजण्याचा आधार कायद्याला प्रथमच मिळतो.

वसुलीचा टप्पा मात्र जुनाच आहे. थकलेली रक्कम दंडासारखी जप्तीने वसूल करता येते, थकबाकीच्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगली म्हणून देणे फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट केले आहे. रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज न केल्यास मात्र वॉरंट निघत नाही. कापूस विकला की देतो, या बोलीवर एक हंगाम आणि मग दुसरा हंगाम थांबलेल्या आईचे सुरुवातीचे महिने या वसुलीतून निसटतात ते याच मुदतीमुळे.