मालक नसलेली जमीन : ऑस्ट्रेलियाच्या मूलनिवासींचा लढा

२६ जानेवारी हा आपल्यासाठी संविधान अमलात आल्याचा दिवस. ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय दिनही त्याच तारखेला येतो. तिथले अनेक मूलनिवासी मात्र त्याला 'आक्रमण दिन' म्हणतात. १७८८ साली या दिवशी आर्थर फिलिप यांनी आजच्या सिडनीत ब्रिटनचा झेंडा रोवला. ११ जहाजांतून आलेल्या ताफ्यात शेकडो कैदी होते. ज्या किनाऱ्यावर ते उतरले तो गॅडिगल लोकांचा होता. त्यांना कोणी विचारले नाही.

वसाहतीपूर्वीचा समाज

या खंडावर माणूस किमान ५०,००० वर्षांपासून राहत आहे. १७८८ मध्ये तेथे २५० हून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. कोणता डोंगर, कोणता पाणवठा कोणत्या कुळाचा हे ठरलेले होते. ठरावीक काळी गवत जाळून रान राखण्याची रीत होती. बज बिम येथे गुंडिचमारा लोकांनी दगडी पाट व बांध घालून ईल मासे धरण्याची व्यवस्था उभारली होती. ६,००० वर्षांहून जुनी ही व्यवस्था २०१९ मध्ये जागतिक वारसा यादीत आली.

एक सोयीस्कर खोटे

भारतात ब्रिटिशांनी संस्थानिकांशी तह केले. न्यूझीलंडमध्ये १८४० साली माओरी प्रमुखांशी वायटांगीचा तह झाला. ऑस्ट्रेलियात ब्रिटिश राजसत्तेने असा एकही तह केला नाही. कॅप्टन कुक यांना लंडनहून मिळालेल्या सूचनेत तेथील लोकांच्या संमतीने ताबा घ्या, असे म्हटले होते. १७७० मध्ये त्यांनी संमतीशिवायच पूर्व किनारा राजाच्या नावे जाहीर केला.

यामागे कायद्याची मेख होती. जिंकलेल्या किंवा तहाने मिळालेल्या मुलखात आधीचे कायदे व हक्क बदलेपर्यंत चालू राहतात. 'रिकाम्या' मुलखात मात्र पहिल्या दिवसापासून इंग्रजी कायदा लागू होतो आणि सारी जमीन राजाची ठरते. म्हणून लाखो लोक राहत असलेला खंड कागदोपत्री रिकामा धरला गेला. यालाच पुढे 'टेरा नलियस', म्हणजे कोणाचीच नसलेली भूमी, हे नाव रूढ झाले. १८३५ मध्ये जॉन बॅटमन याने कुलिन लोकांशी जमिनीचा करार केला, तेव्हा गव्हर्नर बर्क यांनी तो रद्द ठरवला. जमीन राजाची असल्याने ती देण्याचा हक्क मूलनिवासींना नाही, असा त्याचा अर्थ होता.

कत्तली आणि हिरावलेली मुले

१७८९ मध्ये देवीच्या साथीने सिडनी परिसरातील मूलनिवासींचा मोठा हिस्सा मेला. पेमुलवुय या योद्ध्याने १८०२ मध्ये मारले जाईपर्यंत वसाहतीला झुंज दिली. मेंढ्या-गुरांचे कळप जसजसे आत सरकले तसतशा कत्तली वाढल्या. १० जून १८३८ रोजी मायल क्रीक येथे किमान २८ जणांना ठार केले गेले. त्यांत बहुतेक स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते. या प्रकरणी सात जणांना फाशी झाली. बहुसंख्य कत्तलींत मात्र कोणालाच शिक्षा झाली नाही.

पुढे 'संरक्षणा'च्या नावाने कायदे आले. कुठे राहायचे, कोणाशी लग्न करायचे, मजुरीचे पैसे कोणाकडे राहतील, हे सरकारी अधिकारी ठरवू लागले. साधारण १९१० ते १९७० या काळात मुले आईबापांपासून तोडून संस्थांत व गोऱ्या कुटुंबांत ठेवली गेली. १९९७ च्या चौकशी अहवालानुसार दर दहा मुलांमागे एक ते दर तीन मुलांमागे एक, इतके हे प्रमाण होते. पंतप्रधान केविन रड यांनी १३ फेब्रुवारी २००८ रोजी संसदेत माफी मागितली.

संघटित लढा

२६ जानेवारी १९३८ ला, वसाहतीला १५० वर्षे झाली म्हणून सिडनीत जल्लोष चालू असताना, विल्यम कूपर, विल्यम फर्ग्युसन, जॅक पॅटन यांच्या पुढाकाराने मूलनिवासींनी 'शोक दिन' पाळला आणि समान नागरिकत्व मागितले. १९६५ मध्ये चार्ल्स पर्किन्स विद्यार्थ्यांना घेऊन बसने गावोगाव फिरले. मोरी गावात नगरपालिकेच्या जलतरण तलावात मूलनिवासी मुलांना मज्जाव होता. पर्किन्स मुलांना घेऊन तलावावर गेले. जमावाने अंडी आणि टोमॅटो फेकले, पण अखेर बंदी उठवावी लागली.

१९६६ मध्ये वेव्ह हिल येथील गुरांच्या कुरणावर गुरिंजी मजुरांनी व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या नेतृत्वाखाली काम सोडले. मागणी मजुरीची होती, लवकरच ती जमिनीची झाली. नऊ वर्षांनी, १९७५ मध्ये, पंतप्रधान व्हिटलॅम यांनी लिंगियारींच्या ओंजळीत माती ओतून काही जमीन परत केली. दरम्यान १९६७ च्या सार्वमताने, देशाच्या लोकसंख्येत मूलनिवासींची गणना न करण्याचे घटनेतील कलम ९० टक्क्यांहून अधिक मतांनी काढून टाकले होते.

माबो निकाल

टोरेस सामुद्रधुनीतील मेर बेटाचे एडी कोइकी माबो एका विद्यापीठात माळी होते. आपली वडिलोपार्जित जमीन कायद्याने सरकारची आहे, हे त्यांना तेथील इतिहासाच्या प्राध्यापकांशी बोलताना कळले. १९८२ मध्ये ते व त्यांचे सहकारी न्यायालयात गेले. खटला चालू असताना क्वीन्सलँड राज्याने बेटवासीयांचे हक्क पूर्वलक्षी प्रभावाने संपवणारा कायदा केला. तो १९८८ मध्ये कोसळला. ३ जून १९९२ रोजी उच्च न्यायालयाने सहा विरुद्ध एक मताने 'रिकाम्या भूमी'चा सिद्धान्त नाकारला. माबो त्याआधी साडेचार महिने वारले होते.

आजची स्थिती

हा हक्क मिळवण्यासाठी आपले जमिनीशी नाते अखंड राहिले, हे मूलनिवासींनाच सिद्ध करावे लागते. ज्यांना सर्वांत आधी हुसकावले गेले त्यांना हेच सर्वांत अवघड जाते. खाणींपुढे हा हक्क किती तोकडा आहे, हे मे २०२० मध्ये दिसले. रिओ टिंटो कंपनीने जुकान घळीतील ४६,००० वर्षांपूर्वीच्या मानवी वस्तीच्या खुणा असलेल्या गुहा सुरुंगाने उडवल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये मूलनिवासींच्या सल्लागार मंडळाला घटनेत स्थान देण्याचा प्रस्ताव सुमारे ६० टक्के मतदारांनी फेटाळला. मूलनिवासी देशाच्या लोकसंख्येत चार टक्क्यांहूनही कमी आहेत. नुसत्या मतदानाने त्यांना न्याय मिळणे कठीण आहे, म्हणून तहाची मागणी आजही उभी आहे.