आरोग्यपच्चा : काणी आदिवासींचे ज्ञान आणि लाभाची वाटणी

केरळच्या दक्षिण भागातील अगस्त्यमलाई डोंगररांगेत काणी आदिवासी राहतात. त्यांना पिढ्यान् पिढ्या माहीत असलेल्या एका वनस्पतीपासून औषध तयार झाले आणि त्याच्या विक्रीतील वाटा त्यांना मिळाला. जैवविविधता कायदा येण्यापूर्वीचे हे उदाहरण आहे. त्यात काय साधले आणि काय राहून गेले, हे वनौषधी गोळा करणारे व पिकवणारे शेतकरी, वैदू आणि ग्रामपंचायतींनी समजून घेणे गरजेचे आहे.

वनस्पतीची ओळख
- शास्त्रीय नाव : ट्रायकोपस झेलॅनिकस, उपजात ट्रॅव्हॅनकोरिकस.
- जंगलातील दाट सावलीत, ओलसर जागी वाढणारी लहान बहुवर्षायू वनस्पती.
- काणी लोक जंगलात फिरताना थकवा येऊ नये म्हणून तिची फळे खातात.

वाटा कसा मिळाला?
१९८७ मध्ये शास्त्रज्ञांचे एक पथक या जंगलात गेले. चालून पथक थकले, पण काणी वाटाडे फळे खात ताजेतवाने होते. सुरुवातीला त्यांनी माहिती देण्यास नकार दिला, नंतर वनस्पती दाखवली. तिरुअनंतपुरमजवळील पालोडे येथील वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेने तिच्या पानांसोबत इतर वनौषधी वापरून ‘जीवनी’ हे औषध तयार केले.

१९९५ मध्ये कोइमतूर येथील एका आयुर्वेदिक कंपनीला उत्पादनाचा परवाना ७ वर्षांसाठी देण्यात आला. परवाना शुल्क १० लाख रुपये आणि विक्रीवर २ टक्के स्वामित्वधन ठरले. या दोन्ही रकमांतील निम्मा वाटा काणी समाजाला देण्याचा निर्णय संस्थेने घेतला. म्हणजे १०० रुपयांच्या विक्रीमागे समाजाच्या वाट्याला १ रुपया.

अडचणी कोठे आल्या?
- पैसे घेणारी संस्था नव्हती : परवाना १९९५ मध्ये दिला गेला, समाजाचा न्यास १९९७ मध्ये नोंदवला गेला आणि पहिली रक्कम १९९९ मध्ये मिळाली.
- सर्वांना विचारले गेले नाही : काणी वस्त्या दूरवर विखुरलेल्या आहेत. ज्ञान सर्वांचे, पण माहिती मोजक्या लोकांनी दिली. काही पारंपरिक वैदूंनी यावर आक्षेप घेतला.
- पाने तोडण्याचा हक्क ठरलेला नव्हता : लागवडीसाठी काही कुटुंबांना प्रशिक्षण दिले गेले, पण वनस्पती उपटली जाऊन नष्ट होईल या भीतीने वन विभागाने जंगलातील तोडणीवर हरकत घेतली. पानांचा पुरवठा अडला की औषधाची विक्री आणि स्वामित्वधनही अडते.

सध्याचा कायदा
- जैविक विविधता कायदा, २००२ नुसार परदेशी कंपन्यांना राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची (चेन्नई) पूर्वपरवानगी लागते. व्यावसायिक वापर करणाऱ्या भारतीय कंपन्यांनी राज्य मंडळाला पूर्वसूचना द्यावयाची असते. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ नागपूर येथे आहे.
- स्थानिक लोक आणि उपजीविकेसाठी वनौषधी वापरणारे वैदू यांना या तरतुदीतून सूट आहे.
- २०२३ च्या दुरुस्तीनंतर लागवड केलेल्या औषधी वनस्पती आणि ग्रंथांत नोंद असलेले ज्ञान यांनाही सूट मिळाली आहे. लागवडीच्या मालासाठी गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडून मूळ स्थानाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते.
- वनहक्क कायदा, २००६ मध्ये गौण वनउपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क, तसेच जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावरील सामूहिक हक्क मान्य केला आहे. काणींना भेडसावलेली तोडणीची अडचण टाळण्यासाठी हा दावा महत्त्वाचा ठरतो.

गावाने काय करावे?
- जैवविविधता व्यवस्थापन समिती कार्यरत ठेवावी. लोकजैवविविधता नोंदवही वैदू आणि महिलांना सोबत घेऊन भरावी.
- नोंदवहीत वनस्पतीचे नाव, ठिकाण आणि उपयोग लिहावा. गुप्त कृती व प्रमाण लिहायचे की नाही, हे ज्ञान जपणाऱ्यांनीच ठरवावे.
- माहिती किंवा नमुने मागणाऱ्यांकडून संस्थेचे नाव, उद्देश आणि परवानगीची प्रत लेखी घ्यावी. त्याआधी नमुने देऊ नयेत.
- विषय ग्रामसभेत मांडावा. शेजारच्या ज्या वस्त्यांत तेच ज्ञान आहे, त्यांनाही बोलवावे.
- करारात वाट्याची टक्केवारी, रक्कम जमा होणारे सामूहिक खाते, तोडणीचे प्रमाण आणि रोपे वाढवण्याची जबाबदारी लिहून घ्यावी.

कृषी सहायक आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी करार होण्यापूर्वीच या बाबी गावाला समजावून सांगाव्यात. एकदा माहिती बाहेर गेली, की अटी घालण्याची संधी राहत नाही.