हरणीच्या आभाळातलं ॲव्हरो

बडोद्यात हरणी भागात राहिलेल्याला ॲव्हरोचा आवाज समजावून सांगावा लागत नाही. डार्ट इंजिनांची ती तीक्ष्ण शीळ आली की आमच्याकडे माना आपोआप वर व्हायच्या.

कानपूरला जुळणी झालेलं पहिलं ॲव्हरो १ नोव्हेंबर १९६१ला उडालं. माणसं, सामान, व्हीआयपी, प्रशिक्षण, सगळं त्याच्याच माथी. सर्वांत अवघड काम मात्र पाठीवर रडारची मोठी तबकडी घेऊन उडायचं. ११ जानेवारी १९९९ला अरक्कोणमजवळ ते विमान कोसळलं, आठ जण गेले. विमान बदलताना आपण टनांचा हिशेब मांडतो, त्यात हे आठ जण कुठेच येत नाहीत. मी स्वतः इंजिनिअर, तरी हे खटकतं.

बदल गरजेचाच होता म्हणा. ॲव्हरोत सामान चढवायचं ते बाजूच्या दारातून. सी-२९५ला मागे रॅम्प आहे, गाडी थेट आत जाते. २०२१च्या करारातली ५६पैकी ४० विमानं आपल्या बडोद्यातच बनायची आहेत, आणि २०२३मध्ये पहिलं आलं तेही इथल्याच ११ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे.

ॲव्हरोची शीळ कुणी टेप करून ठेवली असेल, तर मंडळाला जरूर द्या.