‘यू-१८०’ : एका जर्मन पाणबुडीची कारकीर्द

भारतीय स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात ‘यू-१८०’ या जर्मन पाणबुडीचा उल्लेख येतो तो सुभाषचंद्र बोस यांना युरोपातून आशियाकडे घेऊन जाणारे वाहन म्हणून, आणि एप्रिल १९४३ मध्ये नेताजी तिच्यावरून उतरले की बहुतेक चरित्रकारांच्या लेखी तिचे कामही संपते. तिची संपूर्ण कारकीर्द पाहिली म्हणजे मात्र जर्मनी आणि जपान या मित्रराष्ट्रांमधला प्रत्यक्ष दुवा किती क्षीण होता आणि बोस यांनी केवढ्या अनिश्चिततेवर आपली योजना उभी केली होती, हे नीट ध्यानात येते.

ब्रेमेन येथील वेझर कंपनीच्या गोदीत १९४१ मध्ये बांधलेली ही पाणबुडी १६ मे १९४२ रोजी जर्मन नौदलात दाखल झाली आणि तिचे आधिपत्य व्हेर्नर मुझेनबर्ग या अनुभवी अधिकाऱ्याकडे देण्यात आले. ती ‘नऊ-डी-एक’ या वर्गातली होती. सुमारे ८८ मीटर लांबीच्या आणि पृष्ठभागावर १,६०० टनांहून अधिक पाणी विस्थापित करणाऱ्या या वर्गाच्या अवघ्या दोनच पाणबुड्या बांधल्या गेल्या, दुसरी ‘यू-१९५’. त्या काळची पाणबुडी बहुतेक प्रवास पाण्यावरूनच करीत असे आणि बॅटऱ्यांवर चालणाऱ्या विद्युत मोटारींच्या आधाराने गरजेपुरती पाण्याखाली जात असे. पृष्ठभागावरचा तिचा वेग वाढावा म्हणून या दोन पाणबुड्यांत वेगवान टॉर्पेडो-नौकांसाठी तयार केलेली, प्रत्येकी १,५०० अश्वशक्तीची सहा डिझेल इंजिने बसवण्यात आली. ताशी २० सागरी मैलांहून अधिक वेग त्यामुळे साधला खरा, परंतु ही इंजिने बेभरवशाची ठरली आणि त्यांच्यातून निघणारा दाट धूर दुरूनही दिसू लागला. लपून राहण्यातच जिचे सामर्थ्य आहे अशा युद्धनौकेच्या बाबतीत हा दोष मूलभूतच मानला पाहिजे.

अशा पाणबुडीवर एवढी नाजूक कामगिरी का सोपवली गेली, याचे उत्तर तत्कालीन दळणवळणाच्या स्थितीत सापडते. जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले तेव्हा सायबेरियातून जपानकडे जाणारा खुष्कीचा मार्ग बंद झाला. नाकेबंदी चुकवून ये-जा करणारी मालवाहू जहाजे एकामागून एक बुडवली जाऊ लागली. हवाई प्रवासाच्या योजना कागदावरच राहिल्या. ऑगस्ट १९४२ मध्ये जपानची ‘आय-३०’ ही पाणबुडी फ्रान्सच्या किनाऱ्यावरील लोरियाँ बंदरात पोहोचली होती आणि तेव्हापासून दूर पल्ल्याच्या मोठ्या पाणबुड्या हाच दोन्ही देशांना जोडणारा त्यातल्या त्यात शक्य मार्ग उरला.

फेब्रुवारी १९४३ च्या दुसऱ्या आठवड्यात बोस आणि त्यांचे सहकारी, मूळचे हैदराबादचे आबिद हसन, यांना घेऊन ‘यू-१८०’ कील बंदरातून निघाली आणि ब्रिटनला उत्तरेकडून वळसा घालून अटलांटिक महासागरात उतरली. कोंदट हवा, सर्वत्र मुरलेला डिझेलचा वास आणि पाय मोकळे करायलाही न पुरणारी जागा यांत या दोघांनी सुमारे अडीच महिने काढले, आणि बोस यांनी तो काळ लेखनाच्या व पुढील आखणीच्या कामात घालवला. ही केवळ प्रवासी फेरी नव्हती, हेही विसरता येत नाही, कारण १८ एप्रिल रोजी दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात मुझेनबर्ग यांनी ‘कॉर्बिस’ हे ८,१३२ टनांचे ब्रिटिश तेलवाहू जहाज पाणतीरांनी बुडवले आणि त्यावरील बहुतेक खलाशी प्राणास मुकले.

मादागास्करच्या आग्नेयेस ठरलेल्या जागी जपानची ‘आय-२९’ ही पाणबुडी २६ एप्रिलच्या सुमारास भेटली. समुद्र इतका खवळलेला होता की दोन्ही नौका जवळ आणणे धोक्याचे होते. म्हणून त्या बराच काळ समांतर चालत राहिल्या आणि अखेर २८ एप्रिलला बोस व हसन रबरी होडीतून, लाटांनी चिंब भिजत, पलीकडे गेले. या युद्धात दोन वेगळ्या नौदलांच्या पाणबुड्यांमध्ये नागरिकांचे झालेले हे एकमेव स्थलांतर मानले जाते. तथापि दोन्ही नौदलांच्या दृष्टीने मालाची देवाणघेवाणही तितकीच महत्त्वाची होती : जर्मनीने तांत्रिक आराखडे आणि शस्त्रांचे नमुने दिले, तर जपानकडून बर्लिनमधील आपल्या दूतावासासाठी सुमारे दोन टन सोने, काही पाणतीर आणि दोन नौदल अधिकारी आले. त्यांपैकी हिदेओ तोमोनागा हे पाणबुड्यांचे अभियंते होते; मे १९४५ मध्ये ‘यू-२३४’ या पाणबुडीतून मायदेशी परतत असताना जर्मनीच्या शरणागतीची वार्ता आली, तेव्हा त्यांनी आत्महत्या केली. बोस सुमात्राच्या उत्तर टोकाजवळील साबांग येथे मेच्या सुरुवातीस उतरले.

परतीच्या वाटेवर ३ जून रोजी ‘बोरिस’ हे ५,१६६ टनांचे ग्रीक जहाज बुडवून ‘यू-१८०’ जुलैच्या आरंभी फ्रान्समधील बोर्दो बंदरात पोहोचली. साऱ्या कारकिर्दीत तिने बुडवलेली जहाजे ही दोनच. तिच्या इंजिनांबाबतचा प्रयोग फसल्याची कबुली नौदलाने कृतीनेच दिली : सप्टेंबर १९४३ च्या अखेरीस तिला सेवेतून काढून तिची सहाही इंजिने बदलण्यात आली, पाणतीर सोडण्याच्या नळ्या उतरवल्या गेल्या आणि सुमारे २५० टन माल नेणारी वाहतूक पाणबुडी म्हणून ती एप्रिल १९४४ मध्ये पुन्हा दाखल झाली. जे काम तिने एकदा यशस्वीपणे केले होते, त्यासाठीच तिला आता घडवण्यात आले, ही निवड योग्यच होती; परंतु वेळ निघून गेली होती. नॉर्मंडीतील दोस्तांच्या चढाईनंतर बोर्दो सोडणे भाग पडले आणि ऑगस्ट १९४४ च्या उत्तरार्धात ती पूर्वेकडे जाण्यासाठी निघाली. २३ ऑगस्टपासून ती बेपत्ता असल्याची नोंद आहे आणि तिच्यावरील ५६ जणांपैकी एकही वाचला नाही. बिस्केच्या उपसागरात ती सुरुंगावर आदळली असे पूर्वी मानले जाई. पाण्याखालूनच हवा ओढून घेणाऱ्या श्नोर्केल नळीत बिघाड झाला असावा, असाही तर्क मांडला गेला आहे. मात्र दोहोंपैकी कशालाही निर्णायक पुरावा नाही. त्याच सुमारास बोर्दोहून निघालेली तिची जोडीदार ‘यू-१९५’ मात्र डिसेंबर १९४४ मध्ये बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, सुखरूप पोहोचली आणि जर्मनीच्या शरणागतीनंतर जपानी नौदलाने तिला ‘आय-५०६’ या नावाने आपल्या ताब्यात घेतले.